ऑटोकॅडचं टेम्पलेट पुन्हा पुन्हा बिघडतंय? कुलूप फाइलला नको, फोल्डरला लावा

सोमवारी सकाळी ऑटोकॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नवीन ड्रॉइंग उघडलं, तर उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती लिहायच्या चौकटीत, आधीच एक गट नंबर लिहिलेला. खाली मालकाचं नाव, तेही दुसऱ्याच पक्षकाराचं. आदल्या शनिवारी कोणीतरी टेम्पलेटच, म्हणजे नवं ड्रॉइंग ज्यावरून सुरू होतं ती नमुना फाइलच, ओपन करून त्यात काम केलं होतं आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं होतं. दुपारपर्यंत चार जणांनी त्याच टेम्पलेटवरून नवी ड्रॉइंग सुरू केली होती. सबमिशनचा संच बाहेर पडण्याआधी हे लक्षात आलं म्हणून निभावलं.

मी अकरा संगणकांच्या एका वास्तुविशारद ऑफिसात कॅडची व्यवस्था बघते. हा प्रकार आमच्याकडे दीड वर्षात पाच वेळा झाला. दर वेळी मी टेम्पलेट साफ केलं, त्याच्या परवानग्या बंद केल्या, सगळ्यांना सांगितलं, आणि दोन-तीन महिन्यांनी ये रे माझ्या मागल्या. बराच काळ मला वाटत होतं की ऑफिसातली मुलं निष्काळजी आहेत. तसं नव्हतं. कुलूप दर वेळी निघत होतं ते माझ्याच हातून, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ते कसं, हे समजल्यावर बाकीच्या गोष्टी एका दुपारी मार्गी लागल्या. ज्यांच्याकडे हेच चालू आहे त्यांच्यासाठी सगळं इथे लिहिते आहे. सगळं विंडोजवरच्या ऑटोकॅडबद्दल आहे, पण परवानग्यांचा भाग सामायिक फोल्डरमधल्या कुठल्याही फाइलला लागू पडतो.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

‘टेम्पलेट चालत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी असतात. एक, ऑटोकॅड भलत्याच फोल्डरमधलं टेम्पलेट उचलतंय. दोन, फाइल बरोबर आहे पण परवानग्या चुकल्या आहेत. तीन, फाइलच खराब किंवा बदललेली आहे. हे न बघता उपाय केला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी स्वतः एकदा पूर्ण दिवस परवानग्या तपासण्यात घालवला आणि शेवटी कळलं की त्या संगणकावर टेम्पलेटचा मार्गच जुना होता.

ओळखायला सोपी युक्ती सांगते. तक्रार असलेल्या संगणकावर नवीन ड्रॉइंग उघडा आणि ड्रॉइंगची हद्द सांगणारी लिमिट्स ही कमांड देऊन आकडे बघा. ४२० आणि २९७ दिसले तर ऑटोकॅडसोबत येणारं मेट्रिक टेम्पलेट, म्हणजे ॲकॅडआयएसओ, उघडलंय. १२ आणि ९ दिसले तर इंचांचं ॲकॅड टेम्पलेट उघडलंय, आणि तिथून पुढे हॅच काळेकुट्ट दिसणं, डॅश रेषा सलग दिसणं, ब्लॉक २५.४ पट लहान-मोठा होऊन येणं, असे सगळे घोळ सुरू होतात. तुमच्या टेम्पलेटमध्ये तुम्ही वेगळे लिमिट्स ठेवले असतील तर एका नजरेत कळतं की आपलं उघडलं की परकं. आम्ही मुद्दाम एक न छापणारा लेयर, म्हणजे ड्रॉइंगमधला थर, ठेवलाय, त्यावर टेम्पलेटची तारीख लिहिलेली आहे. फोनवर ‘कुठली तारीख दिसतेय?’ एवढं विचारलं की पुरतं.

मार्ग चुकलेला असेल तर

ऑप्शन्स उघडा, फाइल्स टॅबमध्ये टेम्पलेट सेटिंग्ज उलगडा. तिथे दोन नोंदी महत्त्वाच्या. ड्रॉइंग टेम्पलेट फाइल लोकेशन म्हणजे न्यू कमांड दिल्यावर कुठला फोल्डर दिसायचा ते. डिफॉल्ट टेम्पलेट फाइल नेम फॉर क्यून्यू म्हणजे वरच्या पट्टीतल्या न्यू बटणावर टिचकी मारली की न विचारता कुठलं टेम्पलेट उघडायचं ते. बहुतेक जण पहिली नोंद भरतात आणि दुसरी तशीच ठेवतात. मग एक ड्राफ्ट्समन न्यू टाइप करतो आणि त्याला ऑफिसचं टेम्पलेट मिळतं, दुसरा बटण दाबतो आणि त्याला ते मिळत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. दोन्ही भरा.

मार्ग लिहिताना झेड ड्राइव्ह किंवा वाय ड्राइव्ह लिहू नका. ड्राइव्हचं अक्षर हे त्या संगणकावरच्या त्या वापरकर्त्यापुरतं असतं. शेजारच्या टेबलावर तोच फोल्डर वेगळ्या अक्षराने जोडलेला असू शकतो. शिवाय कोणी ऑटोकॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलं, तर जोडलेले ड्राइव्ह त्याला सहसा दिसतच नाहीत. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. प्लॉटरची अडचण सोडवायला म्हणून एका मशीनवर शॉर्टकटला ती टिक कोणीतरी लावून ठेवली होती, आणि त्या मशीनवर टेम्पलेट कायम ‘सापडत नाही’ असं यायचं. पूर्ण नेटवर्क मार्ग लिहा, म्हणजे दोन उलट्या तिरप्या रेघा, सर्व्हरचं नाव, मग फोल्डर.

दरवर्षी नवी आवृत्ती बसवली की हे सगळं पुन्हा येतं, कारण प्रत्येक आवृत्तीचा स्वतःचा टेम्पलेट फोल्डर असतो, आणि तो वापरकर्त्याच्या ॲपडेटामध्ये, म्हणजे लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. रीसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट केलं तरी मार्ग जातो. म्हणून ऑप्शन्समधल्या प्रोफाइल्स टॅबवरून ऑफिसची प्रोफाइल एआरजी फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवा. मात्र ती फाइल दुसऱ्या मशीनवर घालण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून बघा, ती साधी अक्षरांची फाइल असते. तिच्यात तुमच्या स्वतःच्या युजरनावाचे मार्ग शिरलेले असू शकतात. ते तसेच दुसऱ्याच्या मशीनवर गेले तर ऑटोकॅड तिथे नसलेल्या फोल्डरमध्ये शोधत बसतं.

कुलूप का निघतं

आता मुख्य गोष्ट.

मी काय करत होते? टेम्पलेट फाइलवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि त्या एका फाइलसाठी ड्राफ्ट्समनच्या गटाला फक्त रीड. माझ्या खात्याला मॉडिफाय. तपासून बघितलं, दुसऱ्याच्या लॉगिनने सेव्ह होत नव्हतं. समाधान झालं. मग महिन्याभराने एखादा लेयर वाढवायला किंवा डायमेन्शन स्टाइल बदलायला मीच ते टेम्पलेट उघडायचे, बदल करायचे, सेव्ह करायचे. आणि त्या क्षणी कुलूप निघून जायचं.

कारण ऑटोकॅड सेव्ह करताना साधारणपणे जुन्याच फाइलवर अक्षरं खोडून नवी लिहीत नाही. ते त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल तयार करतं, जुन्या फाइलचं नाव बदलून तिला .बीएके, म्हणजे बॅकअपची प्रत, करतं, आणि तात्पुरत्या फाइलला मूळ नाव देतं. आपल्याला बाहेरून एकच फाइल दिसत राहते, पण आतली फाइल नवी असते. विंडोजमध्ये नव्या फाइलला परवानग्या मिळतात त्या ज्या फोल्डरमध्ये ती जन्मली त्या फोल्डरच्या. फोल्डर सगळ्यांना खुला, तर फाइल सगळ्यांना खुली. मी कष्टाने लावलेलं कुलूप गेलं कुठे? जुन्या फाइलबरोबर.

विश्वास बसत नसेल तर पाच मिनिटांत करून बघा. सामायिक फोल्डरमध्ये एक रिकामी .डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, ठेवा. तिच्या सिक्युरिटीत जाऊन इनहेरिटन्स, म्हणजे वरच्या फोल्डरकडून परवानग्या घेणं, बंद करा आणि दुसऱ्या कुणाला तरी फक्त वाचायची परवानगी द्या. मग तुमच्या खात्याने उघडून एक रेघ मारा आणि सेव्ह करा. आता दोन्ही फाइलींची सिक्युरिटी शेजारी शेजारी उघडा. माझ्या स्क्रीनवर .बीएके फाइलला माझ्या नेमक्या परवानग्या जशाच्या तशा चिकटलेल्या होत्या, आणि .डीडब्ल्यूजीवर फोल्डरच्या, करड्या टिकांच्या. दीड वर्षाचं कोडं त्या दोन खिडक्यांमध्ये सुटलं.

रीड-ओन्लीची टिक हाही पक्का उपाय नाही. ती टिक म्हणजे फाइलच्या कपाळावर लावलेली चिठ्ठी, ज्याला फाइल बदलायची परवानगी आहे तो कोणीही ती काढू शकतो. स्वतः बदल करायचे म्हणून काढली की परत लावायची आठवण राहत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जो रीड-ओन्लीचा भरलेला चौकोन दिसतो त्याचा तर लिहिण्याशी काही संबंधच नाही, तो जवळपास प्रत्येक फोल्डरवर असतो. त्याच्यामागे वेळ घालवू नका.

आणखी एक बारकावा. बऱ्याच छोट्या ऑफिसांत सामायिक फोल्डरला एव्हरीवन, फुल कंट्रोल दिलेलं असतं, कारण सुरुवातीला काहीतरी चालत नव्हतं आणि त्याने चालायला लागलं. फोल्डरवर फुल कंट्रोल असलेल्याला आतली फाइल पुसता येते, त्या फाइलवर त्याला तशी परवानगी नसली तरी. म्हणजे फाइलवरचं कुलूप शाबूत असताना सुद्धा कोणी ती पुसून तिच्या जागी आपली ठेवू शकतो. दाराला कुलूप आहे, पण भिंतच नाही.

टेम्पलेटचा फोल्डर कसा बसवायचा

म्हणून टेम्पलेटला स्वतःचं घर द्या. त्या फोल्डरमध्ये रोजच्या कामाची एकही फाइल नको. आमच्याकडे सर्व्हरवर कॅडस्टँडर्ड नावाचा फोल्डर आहे, त्यात टेम्पलेट, ब्लॉक, सीटीबी (प्रिंटमध्ये रेषांची जाडी आणि रंग ठरवणाऱ्या फाइली), फॉन्ट आणि लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम) असे वेगळे फोल्डर. प्रोजेक्टचं सगळं काम वेगळ्या शेअरमध्ये, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये.

कॅडस्टँडर्डच्या सिक्युरिटीत ॲडव्हान्स्डमध्ये जा, डिसेबल इनहेरिटन्स करा आणि वरून आलेल्या परवानग्या कन्व्हर्ट करून ठेवायचा पर्याय निवडा. मग एव्हरीवन आणि युजर्स या नोंदी काढा. दोन गट बनवा. आम्ही त्यांना कॅडवाचक आणि कॅडसंपादक म्हणतो. वाचकांना रीड अँड एक्झिक्यूट, संपादकांना मॉडिफाय, सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल. खालची ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एन्ट्रीज’ची टिक लावून ओके करा, म्हणजे आतल्या फाइलींवर वर्षानुवर्षं साचलेल्या सुट्या परवानग्या निघून जातील आणि सगळ्या फोल्डरच्याच परवानग्या घेतील. ही टिक मूळ ड्राइव्हवर किंवा प्रोजेक्टच्या शेअरवर चुकूनही लावू नका, फक्त याच फोल्डरवर.

आता कोणी कितीही वेळा टेम्पलेट सेव्ह केलं तरी नवी फाइल याच फोल्डरमध्ये जन्मेल आणि याच परवानग्या घेईल. कुलूप पुन्हा लावायची गरजच उरत नाही.

वाचकाला फक्त वाचायची परवानगी दिल्याने त्याचं काही अडत नाही, हे ऑफिसात समजावून सांगा. आमच्याकडच्या सर्वांत अनुभवी ड्राफ्ट्समनना सगळे काका म्हणतात. त्यांना वाटलं आपल्यावर विश्वास नाही म्हणून हे केलं. मी त्यांच्या टेबलावर बसून दाखवलं की काका, न्यू केल्यावर ऑटोकॅड टेम्पलेट फक्त वाचतं, आणि समोर येतं ते ड्रॉइंग१ नावाचं नवं, अजून कुठेच सेव्ह न झालेलं ड्रॉइंग. त्याला टेम्पलेटमध्ये लिहायचंच नसतं. आणि चुकून ओपनमधून टेम्पलेटच उघडलं तरी सेव्ह करताना ते रीड-ओन्ली असल्याचं सांगून दुसरं नाव मागेल. म्हणजे हे कुलूप त्यांचं काम वाया जाऊ नये म्हणून आहे. नंतर नव्या मुलांना हे समजावण्याचं काम काकांनीच घेतलं.

सगळं बरोबर लावूनही चालत नसेल तर बहुतेक वेळा पुढच्यापैकी काहीतरी असतं. नेटवर्कवरून येताना शेअरच्या परवानग्या आणि फोल्डरच्या परवानग्या दोन्ही तपासल्या जातात, आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. शेअरला रीड असेल तर फोल्डरवर मॉडिफाय देऊन संपादकाला काही उपयोग नाही. आम्ही शेअरला ऑथेंटिकेटेड युजर्स, चेंज ठेवलंय आणि सगळी बारीक विभागणी फोल्डरवर. डिनायची टिक वापरू नका, कारण एकच माणूस दोन्ही गटांत असेल तर डिनाय बाजी मारतं आणि संपादकालाच बाहेर ठेवतं. परवानगी न देणं पुरेसं असतं. गटात नवीन नाव घातलं की त्या माणसाला लॉग-ऑफ करून परत लॉग-इन करायला सांगा, गटांची यादी लॉग-इनच्या वेळी ठरते. या एका कारणाने ‘परवानगी दिली तरी चालत नाही’ असे फोन मला सर्वांत जास्त आले.

डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था, नसलेल्या छोट्या ऑफिसांसाठी थोडं वेगळं. तिथे सर्व्हर म्हणून ठेवलेल्या संगणकावर प्रत्येकाचं खातं बनवा, पासवर्डसह. पासवर्डशिवायचा पाहुणा-प्रवेश आता टिकणारा नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत नेटवर्क फाइल शेअरिंगचे नियम कडक झाले, आणि नेटवर्कला जोडलेल्या जुन्या साठवण पेट्यांवर (एनएएस) पाहुणा म्हणून जोडलेले फोल्डर अपडेटनंतर उघडेनासे होऊ शकतात. टेम्पलेट, सीटीबी, फॉन्ट सगळं एकदम गायब झालं आणि आदल्या रात्री अपडेट आलेलं असेल, तर पहिला संशय इथे घ्या. साध्या विंडोजवरच शेअर चालवत असाल तर एका वेळी जोडणाऱ्या संगणकांना २० ची मर्यादा असते, हेही लक्षात असू द्या.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये मात्र उलटं

टेम्पलेट सुरक्षित झाल्यावर उत्साहात आमच्या हार्डवेअर बघणाऱ्या मुलाने प्रोजेक्टच्या शेअरवरही कडक परवानग्या लावल्या. हेतू चांगला होता. ड्राफ्ट्समनना फाइल बनवता यावी, लिहिता यावी, पण पुसता येऊ नये. त्याच संध्याकाळी अर्ध्या ऑफिसात सेव्ह व्हायचं थांबलं आणि फोल्डरमध्ये .टीएमपी फाइली साठायला लागल्या.

वर सांगितलेली सेव्हची पद्धत आठवा. तात्पुरती फाइल बनवायची, जुनीचं नाव बदलायचं, आधीची .बीएके पुसायची. विंडोजच्या लेखी फाइलचं नाव बदलायलाही डिलीटची परवानगी लागते. म्हणजे ऑटोकॅडला कामाच्या फोल्डरमध्ये मॉडिफाय हवंच, नुसतं राइट पुरत नाही. तपासणी सोपी आहे. तक्रार असलेल्या माणसाच्या लॉगिनने त्या फोल्डरमध्ये नोटपॅडची एक रिकामी फाइल बनवा, तिचं नाव बदला, मग ती पुसा. तिन्ही झालं तर परवानगी ठीक आहे, अडचण दुसरीकडे शोधा. बनवता आली पण नाव बदलता आलं नाही, तर ऑटोकॅडही तिथेच अडणार. हीच तपासणी टेम्पलेटच्या फोल्डरमध्ये केली तर पहिल्याच पायरीला नकार आला पाहिजे.

फाइली चुकून पुसल्या जाण्याची भीती खरी आहे, पण तिच्यावरचा इलाज रोजचा बॅकअप आहे. फार तर एवढं करा की मॉडिफायची नोंद दोन भागांत करा आणि डिलीट फक्त ‘सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली’ला लागू ठेवा, म्हणजे प्रोजेक्टचा वरचा फोल्डर कोणी ओढून दुसरीकडे टाकू शकणार नाही.

सेव्ह फक्त डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपवर अडत असेल आणि सर्व्हरवर नीट होत असेल, तर विंडोज सिक्युरिटीमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस बघा. ते चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला त्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही. ऑटोकॅडला तिथल्या परवानगीच्या यादीत घाला.

‘फाइल दुसरीकडे उघडी आहे’ असं येत असेल तर

ड्रॉइंग उघडलं की ऑटोकॅड त्याच्या शेजारी .डीडब्ल्यूएल आणि .डीडब्ल्यूएल२ अशा दोन छोट्या फाइली बनवतं. कोणी, कुठल्या मशीनवर, केव्हा उघडलं, हे त्यात असतं. हूहॅज कमांड तीच माहिती दाखवते. वीज गेली किंवा ऑटोकॅड अचानक बंद पडलं तर या फाइली मागे राहतात. ज्याचं नाव दिसतंय त्याच्याकडे खरंच उघडी नाही ना, हे आधी विचारा, मगच त्या पुसा. पुसूनही रीड-ओन्लीच उघडत असेल तर सर्व्हरच्या बाजूने फाइल अजून धरलेली आहे. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्समध्ये ओपन फाइल्स बघा, तिथे ती नोंद असेल, ती बंद करा. तिथून बंद केल्यावर समोरच्याचं सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं, म्हणून फोन केल्याशिवाय मी ते कधीच करत नाही.

टेम्पलेट बदलायचं असेल तेव्हा

संपादक असूनही मी आता टेम्पलेट जागेवर कधीच उघडत नाही. कच्चं नावाचा वेगळा फोल्डर आहे. तिथे कॉपी करायची, बदल करायचे, पर्ज (न वापरलेलं काढणं) आणि ऑडिट (फाइलमधल्या चुका तपासणं) चालवायचं, तारखेचा लेयर बदलायचा, मग त्यावरून एक खरं ड्रॉइंग काढून प्रिंट घेऊन बघायचं. ठीक वाटलं की जुनं टेम्पलेट तारखेसह ‘जुनी’ फोल्डरमध्ये, आणि नवं त्याच नावाने टेम्पलेट फोल्डरमध्ये. नाव तेच ठेवायचं, नाहीतर अकरा मशीनवर क्यून्यूची नोंद बदलत बसावं लागेल.

आत नेताना कॉपी-पेस्ट करा, कट-पेस्ट नको. कॉपी म्हणजे नवी फाइल, ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. एकाच डिस्कवर कट-पेस्ट केलेली फाइल मात्र जुन्या घरच्या परवानग्या घेऊन येऊ शकते. ‘माझ्याकडे उघडतं, बाकी कोणाकडे उघडत नाही’ असं झालं तर नव्वद टक्के वेळा ती फाइल कोणाच्या तरी खासगी फोल्डरमधून कट करून आणलेली असते, निदान आमच्या ऑफिसात तरी.

वेगवेगळ्या आवृत्त्या चालत असतील तर आणखी एक खड्डा. २०१८ किंवा त्यानंतरच्या ऑटोकॅडने सेव्ह केलेलं टेम्पलेट २०१७ किंवा त्याआधीच्या ऑटोकॅडमध्ये उघडत नाही, कारण फाइलची रचना २०१८ ला बदलली. ही तक्रार परवानगीसारखी वाटते पण ती नाही. टेम्पलेट २०१३ च्या रचनेत .डीडब्ल्यूजी म्हणून सेव्ह करा आणि फाइलचं नाव बदलून शेवटी .डीडब्ल्यूटी, म्हणजे टेम्पलेटचं शेपूट, लावा. आतून दोन्ही एकाच जातीच्या फाइली आहेत.

टेम्पलेटमध्ये नसतं ते

टेम्पलेट बरोबर असूनही प्रिंट वेगळी येते, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. पेज सेटअपमध्ये सीटीबीचं फक्त नाव असतं, सीटीबी फाइल नसते. प्लॉटच्या खिडकीत नावाआधी ‘मिसिंग’ दिसलं की समजायचं, मार्ग लावलेला नाही किंवा त्या फोल्डरची वाचायची परवानगी नाही. फॉन्टचंही तसंच. टेक्स्ट स्टाइलमध्ये फॉन्टचं नाव असतं, फॉन्ट त्या त्या मशीनवर असावा लागतो.

मराठी टायटल ब्लॉकला याचा फटका जास्त बसतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये ‘मालकाचे नाव’ लिहिलेलं असेल आणि तो फॉन्ट मशीनवर नसेल, तर तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. नवीन मुलगा ती चूक समजून खोडून टाकतो आणि वर काहीतरी टाइप करतो, मग दुसऱ्या मशीनवर ते आणखीनच बिघडतं. टेम्पलेटमधला सगळा मराठी मजकूर एकदा मंगलसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करून घ्या. नुसती स्टाइल बदलून चालत नाही, अक्षरं नव्याने लिहावीच लागतात. आम्हाला एक शनिवार लागला. जोडाक्षरं आणि वेलांट्या छापील कागदावर तपासा, पडद्यावर नको.

लिस्प फाइली सर्व्हरवर ठेवत असाल तर त्या फोल्डरचा मार्ग ट्रस्टेड लोकेशन्समध्ये घाला, नाहीतर २०१४ पासूनची ऑटोकॅड दर वेळी लोड करायचं का म्हणून विचारत राहते. ज्या फोल्डरवर ऑटोकॅडने न विचारता विश्वास ठेवायचा, त्यात कोणालाही लिहिता येत असेल तर एकाच्या मशीनमधला व्हायरस सगळ्यांच्या ऑटोकॅडमध्ये शिरतो. ॲकॅडडॉक नावाची लिस्प फाइल प्रत्येक ड्रॉइंगबरोबर आपोआप चालते आणि ऑटोकॅडचे व्हायरस अशाच नावांच्या फाइली बनवून पसरत आले आहेत. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, ड्रॉइंगच्या शेजारी, कोणीही न ठेवलेली अशी फाइल दिसली तर ती चालवू नका, आधी तपासा. आमचा लिस्प फोल्डर टेम्पलेटच्याच कुलपाखाली आहे, संपादक दोनच.

हे सगळं लावल्यावर स्वतःच्या लॉगिनने तपासू नका, तुम्हाला सगळं उघडणारच. एखाद्या ड्राफ्ट्समनच्या टेबलावर त्याच्या लॉगिनने बसा, न्यू करा, तारखेचा लेयर बघा, टेम्पलेट ओपन करून मुद्दाम कंट्रोल-एस दाबा. नकार आला पाहिजे. मग संपादकाच्या खात्याने टेम्पलेट एकदा सेव्ह करा, परत त्याच टेबलावर जा आणि पुन्हा कंट्रोल-एस दाबून बघा. दीड वर्ष मी हीच दुसरी फेरी करत नव्हते.